प्रश्न वाचकांचे: वाडीची शाळा, शेजारची गावे आणि मुंबईकर

जून महिन्यात शाळा उघडल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गावच्या शाळेचा विषय हमखास असतो. पत्रे लिहिणारी मंडळी मुंबईत आणि उपनगरांत राहतात. परंतु गावचे घर, शिमग्याची पालखी आणि ज्या शाळेत पहिली पाटी धरली ती शाळा यांच्याशी त्यांचे नाते तुटलेले नाही. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि गावांची व व्यक्तींची नावे वगळली आहेत.

प्रश्न: आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात असून त्याच्या सात वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीची मिळून अकरा मुले उरली आहेत. ही शाळा बंद करून मुलांना शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेत पाठवणार, असे ऐकतो. तरुण म्हणतात, अकरा मुलांच्या शाळेत मुले काय शिकणार? वयस्कर म्हणतात, शाळा गेली की गाव गेले. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने कोणती भूमिका घ्यावी? (एक वाचक, लालबाग)

उत्तर: भूमिका ठरवण्यापूर्वी मंडळाच्या दोघा-चौघांनी जुलैमध्ये गावी जावे, सर्वांत लांबच्या वाडीतील सर्वांत लहान मुलाबरोबर शेजारच्या गावच्या शाळेपर्यंत चालत जावे आणि चालतच परत यावे, अशी आमची पहिली सूचना आहे. मे महिन्यात किंवा गणपतीत गाडीने पार केलेले अंतर आणि भर पावसात पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून, पऱ्या (ओढा) ओलांडून, दप्तर सांभाळत सहा वर्षांच्या मुलाने चाललेले अंतर यांत फार फरक असतो. शाळा ठेवावी की दुसऱ्या शाळेत विलीन करावी, हा प्रश्न पटावरील आकड्याने सुटत नाही. तो त्या मुलाच्या वाटेने सुटतो, असे आमचे ठाम मत आहे.

कायद्याची दिशाही हीच आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला घराजवळच्या शाळेचा हक्क मिळाला. नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी ही शाळा चालत जाण्याच्या एक किलोमीटर अंतरात आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतरात असावी. त्यामुळे समायोजनाच्या, म्हणजे एक शाळा बंद करून तिची मुले दुसऱ्या शाळेत घालण्याच्या, प्रस्तावात लिहिलेले अंतर कोणत्या वाडीपासून आणि कोणत्या वाटेने मोजले आहे, हे सर्वप्रथम विचारावे. जुन्या शाळेच्या दारापासून नव्या शाळेच्या दारापर्यंतचे अंतर मोजून मुलाच्या घरापासूनचे अंतर कळत नाही. आपल्या गावाला सात वाड्या आहेत, म्हणजे सात वेगवेगळी अंतरे आहेत, आणि ती सातही कागदावर आली पाहिजेत.

या प्रस्तावांची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या राज्यातील तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांसाठी समूह शाळेची, म्हणजे अनेक लहान शाळांची मिळून एक शाळा करण्याची, योजना पुढे आली. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील शाळांचे उदाहरण समोर ठेवून प्रस्ताव मागवण्यात आले. त्या वेळी वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची संख्या साडेचौदा हजारांवर होती. कोकणातील वाड्यांच्या आणि सातपुड्यातील पाड्यांच्या शाळा लहान असणे हे त्या भूगोलाचेच रूप आहे आणि त्यात शिक्षकांचा किंवा पालकांचा काही दोष नाही. शिवाय ज्या गावातील कर्ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला आली, त्या गावचा पट घटण्यात आपणा मुंबईकरांचाही वाटा आहे.

तरुणांचे म्हणणे मात्र आम्ही बाजूला सारणार नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असे अधिनियमाच्या अनुसूचीत म्हटले आहे. पण दोघांपैकी एकाची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली की पाच इयत्ता एकाच शिक्षकाच्या माथी येतात. तो शिक्षक आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला म्हणजे त्या दिवशी शाळेला कुलूप लागते. तिसरीच्या वर्गात एकच मुलगी असेल, तर तिला वाद घालायला, चढाओढ करायला, जोडीने वाचायला कोणी नसते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपल्या जिल्ह्यात परत जातात आणि त्यांच्या जागा लवकर भरल्या जात नाहीत, हा कोकणातील पालकांचा जुना अनुभव आहे. तेव्हा पक्का रस्ता आहे, अंतर थोडे आहे, वाहन बारमाही आणि बिनचूक येणार आहे आणि तिकडची शाळा खरोखर चांगली आहे, अशा ठिकाणी मुलांनी तिकडे जाण्यात त्यांचे हित असू शकते. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत लांबच्या मुलांसाठी दर वर्षी प्रतिबालक सरासरी सहा हजार रुपयांपर्यंत वाहतुकीची तरतूद आहे. परंतु ती रक्कम वेळेवर येईल का, ओढ्याला पाणी आले असता गाडी कोठे थांबेल, आणि गाडी आलीच नाही तर मुलांना घरी कोण पोचवील, यांची उत्तरे शाळा विलीन करण्यापूर्वी लेखी मिळाली पाहिजेत. ती मिळणार नसतील, तर आहे ती शाळा राहावी यासाठी गावाने आग्रह धरणे योग्य आहे.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक वाट आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही, याचे आम्हांला वाईट वाटते. साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख, ही व्यवस्था महाराष्ट्रात आधीपासून आहे. जवळजवळच्या शाळांनी संकुल करून शिक्षक, साहित्य आणि सुविधा वाटून घ्याव्यात, ही सूचना कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली होती आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा मांडली. लहान मुलांचा रोजचा वर्ग वाडीतच ठेवून आठवड्यातून एक-दोन दिवस तीन-चार शाळांची मुले एकत्र आणणे, विज्ञानाचे प्रयोग, खेळ आणि गाणी सामायिक करणे, एका शाळेचा शिक्षक रजेवर असता शेजारच्या शाळेतून शिक्षक पाठवणे, यासाठी कोणतीही शाळा बंद करावी लागत नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) शेजारशेजारच्या गावांतील जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहत आणि एकमेकांकडून शिकत ज्ञानरचनावादी अध्यापन, म्हणजे मुलांनी स्वतः करून पाहत शिकण्याची पद्धत, रुजवले, आणि राज्यभरातील शिक्षक ते पाहायला तेथे जाऊ लागले. आजूबाजूची गावे एकत्र आली की लहान शाळेचे एकटेपण किती कमी होते, हे तेथे दिसले.

आता मंडळाने प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. अकरा मुलांच्या पालकांचे म्हणणे प्रथम ऐकावे, कारण निर्णयाचा भार त्यांच्यावर पडणार आहे; ज्यांची मुले या शाळेत नाहीत, त्यांनी गावाच्या अभिमानापोटी त्यांना गप्प करू नये. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असा कायदा आहे. या समितीचा ठराव, वाडीनिहाय अंतरांचा तक्ता आणि ग्रामसभेचा ठराव असे तिन्ही कागद गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्यावेत व पोच घ्यावी. समायोजनाचा प्रस्ताव पाहायला मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून त्याची प्रत मागावी. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे बालकाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. त्यानंतरचे अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाते. आयोगाचे कार्यालय मुंबईत आहे, त्यामुळे पाठपुराव्याचे हे काम गावकऱ्यांपेक्षा मंडळाला सोपे जाईल.

प्रश्न: आमच्या मंडळाने या वर्षी गावच्या शाळेला संगणक आणि मोठा टीव्ही देण्याचे ठरवले आहे. काही जण म्हणतात की जुनी वर्गखोली पाडून नवी बांधून द्यावी. शाळेत अठ्ठावीस मुले असून त्यांतील निम्मी शेजारच्या दोन गावांतून येतात. मुख्याध्यापकांनी आमच्या पत्राला फारसे उत्साहाने उत्तर दिले नाही, याचे आश्चर्य वाटले. (मंडळाचे चिटणीस, भांडुप)

उत्तर: मुख्याध्यापकांच्या मनात काय असेल, याची कल्पना करता येते. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते आणि तीसपर्यंत मुले असलेल्या शाळेला ते वर्षाला दहा हजार रुपये असते. खडू, कागद, नोंदवह्या, झाडू, फिनेल, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, नळाची तोटी आणि विजेचे बिल हे सारे त्यातूनच भागवायचे असते. बिल थकल्यामुळे वीज तोडली गेलेल्या शाळांच्या बातम्या आपण वाचल्या असतील. अशा शाळेत मोठा टीव्ही आला की बिल वाढते, पावसाळ्यात वीज पडून तो बिघडतो आणि दुरुस्तीसाठी तालुक्याला न्यायचा खर्च शिक्षकाच्या खिशातून होतो. तेव्हा मंडळाने वस्तू द्यायचीच असेल, तर निदान तीन वर्षांच्या वीजबिलाची आणि दुरुस्तीची जबाबदारी त्याबरोबर घ्यावी.

याहून चांगले म्हणजे, काय हवे हे शाळेला विचारावे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो मागवून वाचावा. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून जे दिसते त्यावरून सांगतो, की गरजा बहुधा साध्या असतात: मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी, पावसाचा मारा अडवणारी पडवी, कुंपण, लहान मुलांना हाताळता येतील अशी गोष्टींची पुस्तके, पऱ्यावरच्या साकवाला (लहान पुलाला) कठडा. शेवटची गोष्ट शाळेच्या आवाराबाहेरची आहे, पण शेजारच्या गावांतून येणाऱ्या आपल्या चौदा मुलांसाठी तीच सर्वांत मोलाची ठरू शकेल. त्या दोन गावांचीही मुंबईत मंडळे असतील. शाळा तुमच्या गावच्या हद्दीत असली, तरी मुले तिन्ही गावांची आहेत. म्हणून त्यांच्याशी बोलून मदत एकत्र करावी आणि फलकावर कोणा एका गावाचे नाव घालण्याचा आग्रह नसावा, असे आम्ही आवर्जून सुचवतो.

खोली पाडण्याविषयी मात्र सावध राहावे. जिल्हा परिषदेच्या इमारतीची खोली कितीही मोडकळीस आलेली असली, तरी तिच्या निर्लेखनाचा (ती निकामी ठरवून नोंदीतून काढण्याचा) प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय ती पाडता येत नाही; बांधकाम विभागाकडून तपासणी व्हावी लागते. शाळेची जागा जुन्या काळी कोणी तोंडी दिलेली असेल आणि सातबारावर आजही त्या कुटुंबाचे नाव असेल, तर बांधकाम सुरू करण्याआधी बक्षीसपत्र करून घ्यावे. ज्यांनी जागा दिली त्यांचे नातू पुढे हक्क सांगू लागले, तर मंडळाचा पैसा आणि शाळेची खोली दोन्ही अडकून पडतील. रोख रक्कम कोणाच्याही हातात न देता शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात भरावी आणि ठरावाची व पावतीची प्रत मंडळाच्या दप्तरी ठेवावी.

प्रश्न: आमच्या शाळेला शंभर वर्षे झाली, असे वडीलधारे सांगत; पण नक्की वर्ष कोणालाच ठाऊक नाही. आजूबाजूच्या पाच-सहा गावांची मुले पूर्वी याच शाळेत येत. शाळेचा इतिहास लिहायचा आहे. साधने कोठे मिळतील? (निवृत्त ग्रंथपाल, गिरगाव)

उत्तर: आपण हे काम हाती घेतले, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला. सुरुवात शाळेच्या कपाटातूनच करावी. जनरल रजिस्टर हे शाळेचे सर्वांत मौल्यवान दप्तर होय. त्यात मुलाचे नाव, जन्मस्थान, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा दिनांक व शाळा सोडण्याचे कारण असे रकाने असतात. जन्मस्थान आणि आधीची शाळा या रकान्यांवरून कोणकोणत्या गावांची मुले येत आणि कोणत्या वर्षापासून यायची थांबली, म्हणजे त्यांच्या गावी स्वतंत्र शाळा केव्हा निघाली असावी, याचा अंदाज बांधता येतो. शाळा सोडण्याच्या कारणांचा रकाना तर आपल्यासारख्या गिरगावकराने सावकाश वाचावा. गाव आणि मुंबई यांच्यातील ये-जा त्यात तारखेनिशी उतरलेली असण्याचा संभव मोठा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि कित्येक कुटुंबे गावी परतली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मधल्या इयत्तांत किती मुले नव्याने दाखल झाली, हे अवश्य मोजावे. तपासणी अधिकाऱ्यांचे शेरेबुक मिळाले तर त्यात इमारत, हजेरी आणि शिक्षकांविषयीचे शेरे सापडतील. शेरेबुके लवकर जीर्ण होतात, म्हणून पाने हाताळण्यापूर्वीच छायाचित्रे घ्यावीत.

शाळेबाहेरच्या साधनांसाठी आपल्याला मुंबई सोडावी लागणार नाही. काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय आहे. या दप्तरखान्याची स्थापना १८२१ ची आहे. मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते सुरू झाले, तेव्हापासूनची शिक्षण खात्याची कागदपत्रे तेथे शोधता येतील. आपले गाव रत्नागिरी जिल्ह्यात असेल, तर १८८० चा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, पाहावा. त्या काळच्या शिक्षणाचे चित्र त्यातून कळते. प्राथमिक शाळांचा कारभार १९२३ च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डाकडे गेला, १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे आली, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शाळा त्यांच्याकडे आल्या. कोणत्या वर्षीचे कागद कोणत्या नावाच्या कचेरीखाली शोधायचे, हे या टप्प्यांवरून ठरवावे. इतिहास लिहिताना शेजारच्या पाच-सहा गावांतील माजी विद्यार्थिनींना विसरू नये. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आणि आडनाव बदललेल्या या स्त्रिया माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या यादीत सहसा नसतात, आणि शाळेची वाट, सोबतीण, सुटलेली शाळा यांविषयी त्यांच्याइतके दुसरे कोणी सांगू शकत नाही.

प्रश्न: भावाची दोन मुले गावाहून आमच्याकडे शिकायला आली आहेत. गावच्या शाळेचा दाखला अजून हाती आला नाही, म्हणून येथील एका शाळेने प्रवेश नाकारला. काय करावे? (एक वाचिका, कांदिवली)

उत्तर: शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, हे प्रवेश नाकारण्याचे किंवा लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, असे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. त्या शाळेकडून नकार लेखी मागावा आणि महापालिकेच्या आपल्या विभागातील शिक्षण कार्यालयात अर्ज करावा. गावच्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) आणि मुलांची विद्यार्थी ओळख संख्या कळवली, तर त्यांची नोंद ऑनलाइन नव्या शाळेकडे वर्ग करता येते. गावच्या मुख्याध्यापकांनाही आजच फोन करावा; मुले कोठे गेली हे न कळल्यामुळे त्यांच्या पटावर ही दोन नावे गैरहजर म्हणून पडून असतील.

प्रश्न: माझ्या भाचीने गावच्या शाळेत सातवी पूर्ण केली. हायस्कूल सहा किलोमीटरवर, तिसऱ्या गावात आहे. एसटी सकाळी लवकर येते आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर परतते. तिचे आईवडील तिला घरी ठेवायचे म्हणतात. ती हुशार आहे. मी मुंबईत राहून तिच्यासाठी काय करू शकते? (घरकाम करणारी एक वाचिका, घाटकोपर)

उत्तर: ताई, आपण पत्र लिहिलेत हे फार बरे केलेत. आपल्या भाचीचा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तिची शाळा सातवीला संपते म्हणून तो संपत नाही. पुढेही बारावीपर्यंत मुलींना राज्यात शिक्षण शुल्क नाही आणि ग्रामीण भागातील मुलींना शाळेत जाण्यासाठी एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. पासासाठी हायस्कूलमार्फत नाव द्यावे. ते काम हायस्कूलचे शिक्षकच करून देतील.

खरी अडचण वेळेची आहे आणि आईवडिलांची भीतीही खोटी नाही, त्यामुळे त्यांना दोष देऊन उपयोग होणार नाही. आपण त्यांना फोन करून एवढे विचारावे, की त्या रस्त्यावरच्या आणखी कोणकोणत्या वाड्यांतून मुली हायस्कूलला जातात किंवा जायच्या राहिल्या आहेत. चार-पाच नावे मिळाली की त्या मुलींच्या आयांनी, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी आणि त्या रस्त्यावरील सर्व ग्रामपंचायतींनी मिळून तालुक्याच्या आगार व्यवस्थापकांना एकच अर्ज द्यावा: शाळा किती वाजता भरते, किती वाजता सुटते, कोणत्या थांब्यावर किती मुली चढतील, आणि सध्याची संध्याकाळची फेरी किती मिनिटे आधी सुटायला हवी, हे त्यात आकड्यांनी लिहावे. एका गावाने मागितलेली नवी फेरी मिळणे कठीण असते, पण आहे त्या फेरीची वेळ बदलावी, ही चार गावांची मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते. एसटीची वेळ बदलत नसेल, तर शाळा सुटण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणता येईल का, हे हायस्कूलला विचारावे.

हा सारा खटाटोप होईपर्यंत मुलीचे नाव आठवीत घालून ठेवावे, कारण एकदा वर्ष सुटले की घरातले पुन्हा तयार होणे अवघड जाते. पहिले दोन-तीन महिने हायस्कूलच्या गावातच नात्यातल्या एखाद्या घरी तिची सोय होत असेल, तर तीही पाहावी. अर्ज कसा लिहावा हे कळत नसल्यास आपण या सदराच्या पत्त्यावर गावाचे आणि आगाराचे नाव कळवावे. आम्ही मसुदा लिहून आपल्याला पाठवू आणि तो छापणार नाही.